टाळ मोज्यात घालून ऑफिसला जाणारा माणूस

बदलापूर_फास्ट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, इथे मला तोंडाने कुणी ओळखत नाही म्हणून शेवटी लिहायला घेतलं.

वय ४३, घर बदलापूरला, नोकरी बीकेसीत कॉम्प्युटरपुढे. माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत गेल्या दिवाळीपासून टाळांची जोडी आहे. बाबांची. ते गेले त्याला तीन वर्षं झाली. माळा आवरताना आईने भांड्यांबरोबर हे पण मोडीत देऊ का विचारलं तेव्हा मी उचलले. काशाचे आहेत, कडा वाजवून वाजवून गुळगुळीत झाल्यात, मधली दोरी म्हणजे चक्क लेंग्याची नाडी. बॅगेत वाजू नयेत म्हणून एक टाळ एका मोज्यात, दुसरा दुसऱ्या मोज्यात, मधे नाडी लोंबतेय. ऑफिसच्या गेटवर बॅग मशीनमधून जाते, पहिल्याच दिवशी सिक्युरिटीवाला स्क्रीनकडे बघून म्हणाला, साहब ये दो गोल गोल क्या है. मी म्हणालो पेपरवेट.

बाबा गोदीत कामाला होते, अंबरनाथ ते मशीद बंदर रोज, आणि त्यांच्या डब्यात भजनी मंडळी. मी नववीत असताना आम्ही चार मित्र वरळीचं नेहरू सायन्स सेंटर बघायला निघालो आणि नेमके त्यांच्याच डब्यात चढलो. बाबा डोळे मिटून, शर्टाची वरची दोन बटणं उघडी, घामाने निथळत, मान मागे टाकून गात होते. मित्र म्हणाला ते काका बघ. आणि हसला. मी पण हसलो, आणि दाराशी जाऊन उभा राहिलो, थेट दादरपर्यंत वळून बघितलं नाही. त्यांनी मला पाहिलं की नाही हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

आज माझ्या आठ-बाराच्या गाडीला पण एक मंडळ आहे. मी मुद्दाम त्यांच्याजवळ जाऊन उभा राहतो, ओठ हलवतो, आवाज काढत नाही. ठाण्याला आमच्या टीममधला एक पोरगा चढतो, तो दिसला की ओठ पण बंद, हातात मोबाईल.

तर प्रश्न असा, की देवाची नाही हो लाज वाटत, लोकांची वाटते. तुमच्यापैकी कोणाची गेली का? कशी गेली? आणि 'मनातली भक्तीच खरी' हे कृपया सांगू नका, ते मी स्वतःला वीस वर्षं सांगतोय.

चौथी_सीट

पेपरवेट!! हाहाहा. दंडवत घ्या. त्या सिक्युरिटीवाल्याला एकादशीचं पुण्य लागो.

गुडघेदुखी

मी बँकेत होते, शेवटची आठ वर्षं ब्रँच मॅनेजर. स्टाफ मागे मला 'कडक इस्त्री' म्हणायचा, मला माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचं.

वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात आषाढीला जायची माझी लहानपणापासूनची सवय. रांग रस्त्यावर कुठवर जाते ते मुंबईकरांना सांगायला नको. त्या वर्षी रांगेच्या कडेला बायकांची एक दिंडी फुगडी घालत होती, त्यातल्या एका म्हातारीने माझा हात धरला आणि मी नको म्हणायच्या आत गिरकी सुरू. पर्स गळ्यात, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पदर खोचलेला, आणि मी चक्क ओरडत होते. थांबलो तर समोर आमचा कॅशियर, बायकोमुलांसकट, कपाळाला बुक्का, हातात तुळशीची माळ. दोघांचे चेहरे चोरी पकडल्यासारखे, पण चोरी नक्की कोणाची पकडली तेच कळेना.

दुसऱ्या दिवशी ब्रँचमध्ये शुकशुकाट. कोणी काही बोलेना. साडेअकराला शिपाई चहा घेऊन आला, कप ठेवला, दारापर्यंत गेला, वळला आणि म्हणाला, "मॅडम, गुडघा कसाय?"

गुडघा खरंच सुजला होता. बाकी काही झालं नाही. पुढच्या वर्षी त्या कॅशियरने रजेच्या अर्जात कारण लिहिलं 'आषाढी एकादशी'. तोवर दर वर्षी 'घरगुती काम' लिहायचा.

तेव्हा भाऊ, तुमचा तो ठाण्याचा पोरगा पण बॅगेत काय घेऊन फिरतो ते तुम्हाला कुठे माहितीये.

चौथी_सीट

कडक इस्त्री, गुडघा कसाय आता?

नाईट_ड्युटी

सगळे गहिवरलेत तर मी थोडं पाणी ओतते.

मी नर्स आहे. हॉस्पिटल कल्याणच्या बाजूला, घर घाटकोपर. बारा तासांची रात्र काढून सकाळी लेडीज डब्यात बसते, खिडकी मिळाली तर नशीब, नाहीतर जाळीला लागून. जाळीच्या पलीकडे जेन्ट्स डबा, तिथे भजन. टाळांच्या सात-आठ जोड्या आणि वर पत्र्यावर हाताने ठेका. ज्या पत्र्यावर ते ठेका धरतात त्याच पत्र्याच्या अलीकडे माझं डोकं टेकलेलं असतं. रात्री एखादा पेशंट गेलेला असतो, त्याच्या बायकोचं रडणं अजून कानात असतं आणि इकडे धाडधाड.

धागाकर्ते, तुम्ही लाजता ना? लाजा. प्लीज लाजत रहा.

आणि एक विचारायचंय. लोकांची पर्वा न करता भक्ती म्हणजे नक्की काय? लोक काय म्हणतील याची पर्वा नको, की लोकांना काय होतंय याचीच पर्वा नको? पहिलं असेल तर माझा हात वर. दुसरं असेल तर तो माज आहे, त्याला अभंगाची चाल लावली तरी माजच.

मधली_सीट

नाईट_ड्युटी +१. शिवाय जागा अडवणं राहिलं. रुमाल टाकून चार सीट 'मंडळाच्या', आणि बसायला गेलं की असे बघतात जणू आपण गाभाऱ्यात चपला घालून गेलो.

पत्रा_ठेका

मी त्याच पत्र्यावरचा. बावीस वर्षं कर्जत लाईन. बोला.

ताई तुमचं डोकं पलीकडे असेल हे खरंच कधी डोक्यात आलं नाही, खोटं कशाला बोलू. आम्हाला जाळीपलीकडून बायकांनी पैसे दिलेत, पेढे दिलेत, अमका अभंग म्हणा म्हणून फर्माईश केली आहे, झोपू द्या असं कोणी म्हटलं नव्हतं. किंवा म्हटलं असेल आणि टाळांत ऐकू आलं नसेल.

जागेचं मान्य. आमच्यात पण दोघं-तिघं आहेत तसे, बुवांनी दोनदा झापलंय.

पण हे नुसतं धाडधाड आहे असं वाटत असेल तर एक दिवस नीट ऐका. गाडी सुटली की 'जय जय राम कृष्ण हरी', मग रूपाचा अभंग, मग दोन-तीन अभंग ज्याला जे येतं ते, एखादी गौळण, आणि शेवटच्या थांब्याच्या आधी पसायदान झालंच पाहिजे कारण दादरला अर्धे उतरतात. पखवाज गर्दीत आणता येत नाही म्हणून पत्रा. आमच्यात एक जण भाजीवाला आहे, एक कोर्टात शिरस्तेदार, एक जण दीड वर्ष बिनपगारी होता आणि घरी सांगितलं नव्हतं, रोज डबा घेऊन निघायचा. आम्हाला पण सांगितलं नव्हतं. त्याला विचारलं तर म्हणाला गाडीतला तासभरच तेवढा बरा जायचा.

धागाकर्ते, टाळ बाहेर काढा. मोज्यात टाळ ठेवणं म्हणजे तव्यावर भाकरी टाकून गॅस न पेटवणं.

कलमबहाद्दर

फुकट सल्ला. रेल्वे कायदा १९८९, कलम १४५, त्यात गाडीत उपद्रव करणं येतं. रेल्वेने ठरवलं तर भजन त्यात बसवता येईल. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे, निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, लाऊडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने चेन्नईच्या एका चर्चच्या केसमध्ये सांगितलं की दुसऱ्याची शांतता मोडून प्रार्थना करा असं कोणताच धर्म सांगत नाही. चर्चचं म्हणणं होतं की आमचा धर्मस्वातंत्र्याचा हक्क आहे. कोर्ट म्हणालं हक्क आहे, भोंग्याचा नाही.

टाळाला भोंगा म्हणता येईल का हा वेगळा वाद, त्याची फी वेगळी.

चौथी_सीट

वकीलसाहेब आले म्हणजे धागा पन्नाशी गाठणार. चहा टाका कोणीतरी.

नास्तिक_नाना

माझा प्रॉब्लेम नेमका उलटा आहे, सांगू का?

मी देव मानत नाही. कॉलेजपासून. पण आमच्या सोसायटीच्या गणपतीत दहा दिवस रोज दोन वेळा आरतीला हजर. न जाऊन सांगतो कोणाला? तळमजल्याच्या वहिनी दार वाजवून नेतात. एका वर्षी ठरवलं की यंदा नाही म्हणायचं, तर त्याच वर्षी माझ्या हातात ताम्हन दिलं, आणि अख्खी सोसायटी माझ्याकडून आरती घेतेय. चाळीस जणांनी ज्योतीवरून हात फिरवून डोळ्यांना लावले, आणि मी सगळ्यांकडे असा बघतोय जणू मीच पुजारी.

वर आवाज माझाच सगळ्यात मोठा. पाठ आहेत ना सगळ्या, आजीने घोटून घेतलेल्या. आमच्या मजल्यावरची पोरं अजून 'फळीवर वंदना' म्हणतात, मी थांबवून सांगतो, 'फणिवरबंधना' रे, नागाचा कमरपट्टा, फळी कसली.

तर धागाकर्ते, तुम्हाला भक्ती आहे आणि लोकांच्या भीतीने दाखवत नाही, मला नाही आणि लोकांच्या भीतीने दाखवतो. आपण दोघांनी बॅगा बदलूया का?

गुडघेदुखी

नाना, पाठ असलेलं मोठ्याने म्हणताना बरं वाटतं की नाही तेवढं खरं सांगा.

नास्तिक_नाना

वाटतं. म्हणून तर जास्त राग येतो.

वसईचं_केळं

धाग्याचं नाव वाचून आमच्या फादरांचं एक प्रवचन आठवलं. बायबलमध्ये शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकात सहाव्या अध्यायात आहे. दावीद राजा कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांची पवित्र पेटी, यरुशलेमला आणतो, आणि राजाचा थाट बाजूला ठेवून, तागाचं एफोद, म्हणजे याजकांचा साधा अंगरखा, घालून, सगळ्या लोकांसमोर अंगातली होती नव्हती ती ताकद लावून नाचतो. त्याची बायको मीखल, शौल राजाची मुलगी, खिडकीतून बघत असते. तिला मनातून तिटकारा येतो. घरी आल्यावर टोमणा मारते, आज राजे काय शोभले हो, दासींसमोर अंग उघडं टाकून. तो म्हणतो मी परमेश्वरासमोर नाचलो, आणि याहूनही हलका व्हायला तयार आहे.

फादर हे फार रंगवून सांगतात. मी आमच्या चर्चमध्ये गिटार वाजवतो. सगळे हात वर करून गातात तेव्हा मला पण करावेसे वाटतात, पण एक तर हातात गिटार आणि दुसरं म्हणजे मागच्या बाकावर माझे काका. त्यांनी एकदा लग्नात सगळ्यांसमोर माझी नक्कल केली होती. त्यामुळे मी गिटारच्या आड लपतो. दावीद बिवीद ठीक आहे, त्याला काका नव्हते.

नाईट_ड्युटी

केळं, मीखलची बाजू कोणी विचारलीये का कधी? मी नर्सिंग एका मिशन हॉस्पिटलात शिकले, दर रविवारी चॅपलमध्ये बसायला लागायचं, त्यामुळे थोडं मलाही येतं.

त्या मीखलचं दावीदवर प्रेम होतं. तिच्या बापाने त्याला मारायला माणसं पाठवली तेव्हा तिनेच त्याला खिडकीतून खाली सोडून पळवलं. मग बापाने तिला दुसऱ्याला देऊन टाकलं. काही वर्षांनी दावीदने तिला परत मागवून घेतलं, राजकारण म्हणून, आणि तो दुसरा नवरा रडत रडत तिच्या मागून चालत आला, मग त्याला हाकलून दिला. एवढं झाल्यावर ती खिडकीतून बघतेय आणि खाली नवरा लोकांत नाचतोय. त्या दिवशी ती त्याची भक्ती बघत होती की आणखी काही, कोणाला माहीत.

प्रत्येक वेळी तोंड वाकडं करणारा माणूस देवाच्या विरोधातच असतो असं नाही, एवढंच म्हणायचंय.

वसईचं_केळं

बापरे. खिडकी दोन्ही वेळेला आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. येत्या रविवारी फादरांना विचारतो. आणि हो, त्याच बायबलात येशूने असंही सांगितलंय की प्रार्थना करायची तर खोलीत जा, दार लावून घे. त्यामुळे माझ्यासारख्या गिटारआडच्यांना पण एक वचन शिल्लक आहे.

मधली_सीट

धागा टाळावरून वसईमार्गे यरुशलेमला पोचला. पुढील स्टेशन?

खेडची_मुलगी

पुढील स्टेशन मरोळ.

माझं ऑफिस तिथे, माहेर खेड, रत्नागिरी. दुपारची नमाज ऑफिसातच पडते. पहिली नोकरी होती तेव्हा वर्षभर घरी जाऊन कजा करायचे, म्हणजे वेळ चुकवून नंतर. कारण वुजू, म्हणजे नमाजेआधी हात-तोंड धुणं, करायला वॉशरूममध्ये जावं लागतं आणि शेवटी पाय धुवायचे असतात. आता विचार करा, फॉर्मल पँट, बेसिन कमरेएवढं, एक पाय बेसिनमध्ये वर केलेला आणि दार उघडून तुमची एचआर आत येते. हे माझ्या बाबतीत झालंय. तिने सॉरी म्हणून दार लावलं. मी त्या दिवशी पाच वाजेपर्यंत जागेवरून उठले नाही.

मग जागा शोधली, सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मधला जिना, जिथे कोणी जात नाही, लिफ्ट आहे म्हणून. एक दिवस सजद्यातून डोकं उचललं तर वरच्या पायरीवर सफाईच्या मावशी, बादली घेऊन, थांबलेल्या. नांदेडच्या आहेत. किती वेळ उभ्या होत्या देव जाणे. मी सलाम फेरेपर्यंत हलल्या नाहीत, मग म्हणाल्या, बाय तू रोज इथं बसतीस व्हय, मग मी सकाळचीच पुसून ठेवत जाईन, दुपारी फरशी वली ऱ्हाती. तेव्हापासून जिना सकाळी पुसलेला असतो. आमच्यात यापलीकडे कधी काही बोलणं झालेलं नाही.

एक अजून. आमच्यात एक शब्द आहे, रिया. लोकांनी बघावं म्हणून केलेली इबादत. ते फार वाईट मानतात. अब्बा म्हणायचे की लोकांसाठी नमाज लांबवणं आणि लोकांसाठी ती सोडणं, दोन्हीत तोंड लोकांकडेच, किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, नाही. धागाकर्त्यांचं वाचून ते आठवलं. मी तोंड वळवायला पाच वर्षं घेतली, आणि अजूनही जिन्याचं दार वाजलं की काळजात धस्स होतंच. त्यामुळे लाज 'गेली का' याचं उत्तर नाही. ती असते, तिच्यासकट उरकायचं.

प्रभादेवी_नाका

खेडची_मुलगी, रियावरून आठवलं. मी सोमवारी रात्री अंधेरीहून सिद्धिविनायकाला चालत जातो, महिन्यातून एकदा, अनवाणी. पूर्वी रात्री रस्त्यावर आपण आणि चार कुत्री असायची. आता निम्मे लोक चित्रीकरण करत चालतात. मागच्या वेळी माहीमजवळ एक पोरगा, काठीला मोबाईल, तेच वीस पावलं तीनदा चालला, एकदा मान खाली घालून, एकदा वर बघून, एकदा हात जोडून. मला हसू आलं, मनात म्हटलं बघा गणपतीपेक्षा लाईक मोठे. पुढे शिवाजी पार्कच्या कडेला तो फुटपाथवर बसलेला दिसला, टाच फुटलेली, रुमाल लाल. विचारलं तर म्हणाला काका झालंच आलं जवळ. आणि उठून चालायला लागला. काठी बगलेत.

तेव्हापासून दुसऱ्याचं खरं-खोटं मापायचं सोडलं. म्हणजे प्रयत्न चालू आहे.

ओवीबद्ध

एवढे प्रतिसाद झाले आणि जनाबाई कोणालाच आठवली नाही?

डोईचा पदर आला खांद्यावरी ।
भरल्या बाजारी जाईन मी ॥

तेराव्या-चौदाव्या शतकातली बाई, नामदेवांच्या घरची दासी, धुणीभांडी दळण करणारी. पुढे म्हणते हाती टाळ, खांद्यावर वीणा, आता मला कोण मना करतो. आणि शेवटी थेट 'जनी म्हणे देवा मी झाले वेसवा'. लोक मागून जे म्हणणार ते तिने स्वतःच स्वतःला म्हणून टाकलं, मग लोकांच्या हातात काय उरलं? आपण हे गाणं म्हणून ऐकतो, छान चाल आहे म्हणतो. माझी आई कधी हा अभंग म्हणायची नाही, बाकी जनाबाई सगळी म्हणायची. शेवटच्या ओळीपाशी तिला कसंतरी व्हायचं.

आणि धागाकर्ते तुम्ही पेपरवेट म्हणालात.

पायरीपाशी

वाचतोय सगळं. एक गोष्ट सुटतेय.

लोक काय म्हणतील ही काळजी ज्यांना देवळात घेतात त्यांची. चोखोबांना लोकांनी म्हणायचं ते म्हणून झालं होतं, बाहेर उभं केलं होतं, समाधीसुद्धा महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ. पंढरपूरचं देऊळ आमच्यासाठी उघडलं ते १९४७ साली, साने गुरुजींनी मे महिन्यात दहा दिवस उपास केल्यावर.

माझे आजोबा परळला चाळीत राहायचे, गिरणीत. १९५६ ला बाबासाहेबांबरोबर त्यांनी धम्म घेतला आणि भिंतीवरचा विठोबाचा फोटो उतरवला. बरोबरच केलं असं मला वाटतं. पण आजी जात्यावर बसली की ओव्या म्हणायची, आणि लहानपणी आईकडून शिकलेल्या ओव्यांत विठ्ठल होता, तो कसा काढणार. आजोबांच्या वहाणांचा आवाज जिन्यात आला की जातं चालू राहायचं आणि ओवी बंद व्हायची. आई सांगते की तेवढ्यापुरती ती नुसती घशातल्या घशात चाल घोळवायची, शब्द नाहीत. तिला बाहेरच्यांची भीती नव्हती, ती भीती कधीच मेली होती. घरातल्या माणसाची होती, आणि त्या माणसाचंही चुकलं नव्हतं.

ती देवासाठी म्हणायची की दळण हलकं व्हावं म्हणून, कोणी विचारलं नाही. इथे प्रत्येक जण आपल्या भक्तीबद्दल एवढं स्पष्ट सांगतोय म्हणून मला तिचं ते घशातलं आठवलं.

ओवीबद्ध

पायरीपाशी, तुमच्या आईला त्यातल्या काही ओव्या आठवत असतील तर लिहून घ्या. खरंच सांगतेय. वेगळा धागा काढा.

पायरीपाशी

विचारतो. तिला चाल आठवते, शब्द अर्धेच.

कलमबहाद्दर

इथे माझं कलम १४५ फारच पोरकं दिसतंय. मागे घेतो. (फी परत मिळणार नाही.)

नाईट_ड्युटी

पत्रा_ठेका, तुमच्या प्रतिसादाला उत्तर द्यायचं राहिलं. तो बिनपगारी माणूस, त्याला नंतर नोकरी लागली का?

पत्रा_ठेका

लागली ताई. उल्हासनगरला. आता त्याची गाडी उलटी, आमच्यात येत नाही. दसऱ्याला डबा सजवतो तेव्हा मात्र झेंडू घेऊन हजर असतो, हार स्वतः बांधतो, मोटरमनला पण पेढा देऊन येतो.

आणि तुमचं बुवांच्या कानावर घातलंय. जाळीच्या बाजूला पत्रा वाजवायचा नाही, दाराच्या बाजूला वाजवायचा असं ठरलंय. टाळ कमी होणार नाहीत, ते सांगून ठेवतो.

नाईट_ड्युटी

चालेल. निम्मं तर निम्मं.

चौथी_सीट

धागाकर्ते कुठे गायब? बॅग मशीनमध्ये अडकली का?

बदलापूर_फास्ट (धागाकर्ता)

आहे आहे. सगळं वाचत होतो, रात्री दोनदोनदा. उत्तर द्यायचं धाडस होत नव्हतं कारण सांगण्यासारखं काही घडलं नव्हतं. आज घडलं, म्हणजे घडलं म्हणावं का ते तुम्हीच ठरवा.

सकाळी मंडळापाशी उभा होतो. डोंबिवली गेली. खेडच्या ताईंचं ते 'तिच्यासकट उरकायचं' डोक्यात होतं. बॅग पुढे घेतली, चेन उघडली, मोजा ओढला, एक टाळ निघाला. दुसऱ्या मोज्याला नाडीची गाठ बसलेली, निघेना. गाडी हलतेय, एका हातात टाळ, दुसऱ्या हाताने मोजा ओढतोय, बॅगेतून चार्जर खाली पडला, तो शेजारच्याने उचलला. अख्खी मंडळी गाणं चालू ठेवून माझ्याकडे बघतेय. शेवटी जे बुवा म्हणतात ते सत्तरीचे गृहस्थ अभंगाच्या मधेच, ताल न सोडता म्हणाले, "राहू द्या, मोज्यासकट वाजवा. पलीकडे सिस्टर झोपल्यात."

मला तिथेच कळलं पत्रा_ठेका कुठल्या डब्यात असतात ते. नमस्कार साहेब. तुम्ही दाराशी, निळा शर्ट. मी ओळखलं पण बोललो नाही.

तर वाजवला, मोज्यासकट. छान आवाज येत नाही, 'थप' असा येतो, आणि मी ताल दोनदा चुकलो, बाबा असते तर डोळे न उघडता मान हलवली असती. मुंब्र्यापर्यंत मान वर केली नाही. तोंडाने मात्र म्हटलं, ओठ हलवत नाही, म्हटलं. माझा आवाज मला ओळखू येईना, बराचसा त्यांच्यासारखा आहे.

ठाण्याला तो पोरगा चढला. मी बघितलं, त्याने बघितलं. माझ्या हातात मोजा. हात थांबणार होता, थांबला पण असेल क्षणभर. त्याच्या कानात इअरफोन होते, त्याने मान डोलावली, गुड मॉर्निंग सर म्हणाला, दांडीला लटकला आणि डोळे मिटले. कुर्ल्याला उतरताना म्हणाला, सर तुमचा मोजा पडला.

बस एवढंच. ऑफिसच्या गेटवर बॅग मशीनमधून गेली, आज एक टाळ उघडा होता, सिक्युरिटीवाल्याने वर बघितलं. मी म्हणालो टाळ है. तो म्हणाला हां साहब, मालूम है, पहले दिन से.

चौथी_सीट

पहले दिन से!!!! मेलो.

नास्तिक_नाना

मोजा नवीन घ्या. आणि ताल धरायला शिकवायला कोणी लागलं तर सांगा, देव सोडून बाकी सगळं येतं मला.

गुडघेदुखी

तुमच्या आईला सांगितलंत का?

बदलापूर_फास्ट (धागाकर्ता)

संध्याकाळी सांगितलं. ती म्हणाली नाडी बदल, ती माझ्या परकराची आहे.

नाईट_ड्युटी

बदलापूर_फास्ट, डबा नंबर सांगा.

बदलापूर_फास्ट (धागाकर्ता)

का हो? येताय का ऐकायला?

नाईट_ड्युटी

नाही. पुढच्या लेडीज डब्यात चढावं की मागच्या, ते ठरवायचंय.